ब्रिटनीतलं द्वार्नने : राहायला जावं की नुसतं बघून यावं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. नवऱ्याला फ्रान्समध्ये कँपेरला नोकरी लागलीये, ब्रिटनी प्रांताच्या पार टोकाला, फिनिस्तेर जिल्ह्यात. आम्ही तिघं (लेक सहा वर्षांची) ऑगस्टअखेर पुण्याहून निघू. ऑफिसवाले म्हणतात कँपेरमध्येच घर बघा, पण टीममधली एक बाई तिथून वीस-बावीस किलोमीटरवर द्वार्नने नावाच्या गावात राहते आणि तिने याच्यामागे टुमणं लावलंय की राहायचं तर आमच्याकडे या, समुद्र आहे, भाडं परवडतं, माणसं बोलकी आहेत.

मी शोधलं तर वस्ती चौदा हजाराच्या आसपास, बंदर, सार्डिनच्या डब्यांचे कारखाने आणि प्रत्येक फोटोत ढग. नवऱ्याचं फ्रेंच कामापुरतं, माझं पुण्यात क्लास लावून शिकलेलं, म्हणजे "स्टेशन कुठे आहे" विचारता येतं आणि उत्तर कळत नाही. एवढ्याशा गावात आपल्यासारख्यांचा निभाव लागतो का? गावाचा स्वभाव कसा आहे? कोणी राहिलंय का त्या बाजूला? पर्यटनाच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे आहेत.

बंडू_बोरिवलीकर

ब्रिटनी म्हटल्यावर मी गाण्याचा धागा समजून आलो होतो. आलोच आहे तर बसतो. चहा सांगा.

नांतकर

मी नांतला बरीच वर्षं आहे, द्वार्ननेला मित्रामुळे जाणं होतं. पहिली गोष्ट, "स्टेशन कुठे आहे" हा प्रश्न तिथे विचारू नका कारण स्टेशनच नाही :) रेल्वे कधीच बंद पडली. कँपेरपर्यंत टीजीव्ही (वेगवान रेल्वे), पुढे बस किंवा गाडी. रोज जायचं-यायचं तर गाडी हवीच, बस आहे पण संध्याकाळी उशिराची मीटिंग आली की बोंब.

गाव एक नाही, चार आहेत. खुद्द द्वार्नने, पलीकडे त्रेबूल, वर टेकाडावर प्लोआरे आणि आत खाडीच्या शेवटाला पुलदाव्हिद. १९४५ मध्ये या चार नगरपालिका एकत्र केल्या, पण आजही त्रेबूलचा म्हातारा "मी द्वार्ननेचा" म्हणणार नाही. त्रेबूलला यॉट, पुळण, सुट्टीवर आलेली पॅरिसची मंडळी. द्वार्ननेच्या रोस्मर बंदरावर रंगीत घरांची रांग, कॅफे आणि जुने खलाशी. मध्ये पोर-र्‍यू म्हणून खाडी, तिथे जुन्या लाकडी बोटींचं म्युझियम, काही बोटी पाण्यातच उभ्या, आत चढून बघता येतात. घर बघायचं झालं तर माझं मत प्लोआरे. वारा जास्त पण वस्ती बारा महिन्यांची. का ते नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

मालवणी_तडका

सार्डिन म्हणजे आमची तारलीच की. म्हणजे भाऊबंद, अगदी तीच जात नाही. आपली तेलकट तारली उष्ण पाण्यातली, त्यांची थंड पाण्यातली. तिकडे तिला डब्यात बसवून मिरवतात आणि आमच्याकडे बोटभर तारली आली की कोणी ढुंकून बघत नाही, ट्रक भरून फिशमिलच्या कारखान्यात. ताई तुम्ही मासे खाता ना? खात असाल तर एवढा विचार कसला करताय?

चाफेकळी

@मालवणी_तडका मी खाते, नवरा पक्का शाकाहारी. देवाची करणी.

मालवणी_तडका

अरेरे. मग त्याला कँपेरला ठेवा आणि तुम्ही दोघी द्वार्ननेला राहा.

इतिहासाची_खाज

वा, आवडत्या गावाचा धागा. मी राहिलेलो नाही, एकदा जाऊन आलोय, पण वाचलंय भरपूर. ताई, गावाचा स्वभाव विचारलात ना, तर तो कळायला १९२४ चा संप माहीत हवा. लांबण लागणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी खाली सरकावं.

या गावात सार्डिन डब्यात भरायचे कारखाने १८५० च्या दशकात आले. त्यांना तिथे "फ्रितूर" म्हणायचे, म्हणजे तळणघर, कारण मासा आधी तेलात तळून मग डब्यात जायचा. पुरुष समुद्रावर आणि बायका कारखान्यात. बोटी बंदराला लागल्या की गल्लीबोळातून आरोळी फिरायची, "आ ला फ्रितूर!" की बायका हातातलं टाकून लाकडी बूट खडखडवत निघाल्या. रात्रीचे दोन असोत नाहीतर पहाटेचे पाच. मासा थांबत नाही, त्यामुळे आलेला सगळा संपेपर्यंत काम, कधी सोळा-सोळा तास. डोकं उडवायचं, आतडं काढायचं, मिठाच्या पाण्यात घालायचं, धुऊन जाळीवर वाळवायचं, तळायचं, मग एकेक करून डब्यात रचायचं. झोप येऊ नये म्हणून गायच्या, आधी देवाची गाणी, पुढेपुढे मालकांना न झेपणारी. आठ तासांचा कायदा फ्रान्समध्ये १९१९ लाच झाला होता पण या तळणघरांच्या दारापर्यंत तो काही पोचला नव्हता. दहा-बारा वर्षांच्या पोरी आणि सत्तरीच्या आज्या एकाच टेबलाला.

मजुरी तासाला ८० सांतीम (शंभर सांतीम म्हणजे एक फ्रँक). नोव्हेंबर १९२४ मध्ये डबे बनवणाऱ्या पत्र्याच्या कारखान्यातून सुरुवात झाली आणि दोनचार दिवसांत सगळे कारखाने बंद, सुमारे दोन हजार कामगार बाहेर, त्यात बहुसंख्य बायका. मागणी सव्वा फ्रँक. ब्रिटनीच्या ब्रेतॉन भाषेत घोषणा होती "पेंप रेआल आ वो", पाच रेआल (म्हणजे सव्वा फ्रँक) मिळालेच पाहिजेत. कोळीही बायकांच्या मागे उभे राहिले, बोटी बंदरात बांधून. मालक हटून बसले. त्यांनी पॅरिसहून संपफोडे आणले आणि १ जानेवारी १९२५ ला त्यातल्या लोकांनी कॅफेत गावच्या कम्युनिस्ट महापौरावर, दानिएल ल फ्लांशेकवर, गोळ्या झाडल्या. गळ्याला लागली, वाचला. गाव भडकलं, संपफोडे उतरले होते ते हॉटेल लोकांनी फोडलं. यात मालकांचा हात असल्याचं उघड झालं तसे ते मऊ पडले आणि ६ जानेवारीला समझोता. बायकांना तासाला एक फ्रँक, जादा वेळेचे आणि रात्रीचे जादा पैसे, युनियन करण्याचा हक्क. ४६ दिवस चालला संप. सव्वा मागितला आणि एक मिळाला, पण तिथे आजही त्याला विजयच म्हणतात. हे गाव अजून वाद घालतं, सभा घेतं, भिंतीवर पोस्टर लावतं ते उगाच नाही.

बंडू_बोरिवलीकर

@इतिहासाची_खाज दंडवत. वाचताना माझ्या चहावर साय आली.

लालबागचा_भाचा

अवांतर पण राहवत नाही. १९२४ सालीच मुंबईत बोनससाठी गिरणी कामगारांचा संप झाला होता, दीड लाखाच्या आसपास कामगार, जानेवारीत सुरू झाला तो दोन महिने ओढला आणि शेवटी हात हलवत कामावर परतले. तिकडे दोन हजार बायका जिंकल्या, इकडे दीड लाख हरले. आमच्या घरात ८२ च्या संपाचीच गोष्ट इतकी ऐकलीये की कुठल्याही संपाचं वाचलं की आधी शेवट बघतो.

फरक कशाने पडला असावा? मला वाटतं मासा नासतो. कापडाचे तागे गोदामात पडून राहिले तर मालकाचं काय जातं, उलट मंदी असेल तर त्याला संप हवाच असतो. मासा मात्र आज नाही तर नाही.

इतिहासाची_खाज

@लालबागचा_भाचा मुद्दा चांगला आहे पण इथे तितका लागू नाही. संप नोव्हेंबर-डिसेंबरचा, तेव्हा सार्डिनचा मोसम सरत आलेला असतो, म्हणजे मालकांवर दडपण कमीच होतं. माझ्या मते गाव लहान असणं कामी आलं. कामगारीण, कोळी, किराणावाला, महापौर सगळे एकमेकांचे नातेवाईक नाहीतर शेजारी, नगरपालिका बायकांच्या बाजूची. १९२१ मध्ये इथे सेबास्तियाँ व्हेली निवडून आला तो फ्रान्समधला कम्युनिस्ट पक्षाचा पहिला महापौर. मुंबईत कामगारांच्या हातात असं काय होतं?

लालबागचा_भाचा

चाळी होत्या. बाकी मान्य.

मृण्मयी_ब

मी ब्रेस्टला पीएचडीसाठी होते. वरच्या गोष्टीत एक बाई राहिली, ती सांगते. जोझेफिन पांकाले, कारखान्यात काम करणारी, कोळ्याची विधवा, दोन मुलांची आई. संपानंतर मे १९२५ च्या नगरपालिका निवडणुकीत कम्युनिस्टांनी तिला यादीत घेतलं आणि ती निवडून आली, तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचासुद्धा हक्क नव्हता! थोडे महिने बसली पालिकेत, मग नोव्हेंबरमध्ये वरच्या न्यायसंस्थेने निवडणूकच रद्द केली, कारण काय तर बाई. फ्रेंच बायकांना मत मिळालं १९४४ मध्ये, पहिल्यांदा टाकलं १९४५ मध्ये.

आजोबा_सदाशिव

मृण्मयीताई, इथे एक जोड देतो. मुंबई इलाख्यात स्त्रियांना कायदेमंडळासाठी मताधिकार १९२१ साली मिळाला, आणि मुंबई महापालिकेत अवंतिकाबाई गोखले १९२३ साली सदस्य झाल्या. म्हणजे स्वातंत्र्य-समतावाल्या फ्रान्सच्या आपण पुढे होतो.

मृण्मयी_ब

@आजोबा_सदाशिव बरोबर आहे काका, पण तो मिळकत असलेल्यांना होता. मासे निवडणारी कोळीण त्यात नव्हती. जोझेफिन तशी होती हाच तर मुद्दा.

आजोबा_सदाशिव

तेही खरे.

शाकाहारी_शेखर

इथे शाकाहारी नवऱ्याचं काय खायचं ते कोणी सांगणार आहे का, की १९२४ लाच सगळे जेवणार?

नांतकर

मीटिंग संपली. @शाकाहारी_शेखर ब्रिटनी शाकाहाऱ्याला फ्रान्सच्या मानाने सोपी. गालेत मिळतं सगळीकडे, कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन समजा, आत चीज, अंडं, मशरूम, पालक. अंडं नको म्हणून आधी सांगायचं, नाहीतर मधोमध डोळा वटारून येतं.

आणि गोडात द्वार्ननेचं स्वतःचं क्विन्यामान. इथल्याच स्कोर्दिया नावाच्या बेकरने १८६० च्या सुमारास केलं म्हणतात. पावाची कणीक, तिच्यात लोणी आणि साखर घड्या घालून घालून कोंबायची, जुन्या पद्धतीत चाळीस भाग कणीक, तीस लोणी, तीस साखर. भट्टीतून काढलं की वरची साखर काचेसारखी झालेली, कडा चिवट आणि खालच्या कागदाला तूप सुटलेलं. लोणी खारं असतं. फ्रान्सभर मिठावर जबर कर होता तेव्हा ब्रिटनीला त्यातून सूट होती, म्हणून यांनी लोण्यात मीठ घालायची सवय लावून घेतली ती अजून गेलेली नाही. पॅरिसमध्ये मिळतं ते नाजूक, एकेकट्याचं. द्वार्ननेचं ताटाएवढं गोल, कापून विकतात, आणि कोमट खायचं असतं. थंड खाल्लंत तर बेकरीवाली ओरडते, मला ओरडली आहे.

डॉ_ढवळ्या

कणकेपेक्षा लोणी आणि साखर मिळून जास्त?! कार्डिऑलॉजिस्टच्या वतीने निषेध. तसंही द्वार्ननेचं आमच्या धंद्याशी जुनं नातं आहे. स्टेथोस्कोप काढणारा लेनेक, जन्म कँपेरचा १७८१ चा, आणि गेला द्वार्ननेजवळच्या प्लोआरेत, १८२६ मध्ये. क्षयाने. त्याच्या छातीचं निदान त्याच्या पुतण्याने केलं, त्यानेच काढलेल्या नळीने. प्लोआरेच्या स्मशानात पुरलाय. ताई, घर तिथे घेतलंत तर माझा नमस्कार सांगा त्याला.

चाफेकळी

बापरे, केवढे प्रतिसाद. सगळे वाचतेय. नवऱ्याला क्विन्यामानचं वाचून दाखवलं, त्याचं मत एका मिनिटात द्वार्ननेच्या बाजूने झुकलं. @नांतकर "बारा महिन्यांची वस्ती" काय ते लिहिणार होता?

कोकणचो_दशावतार

दंतकथेतल्या ईस नगरीचा उपसागर तो हाच ना? राजा ग्रालॉन, समुद्रसपाटीच्या खालचं शहर, भिंती, दरवाजाची किल्ली राजाच्या गळ्यात आणि पोरीने ती चोरून सैतानाला दिली वगैरे? आमच्या द्वारकेसारखंच. शहर बुडतं, घंटा पाण्याखालून ऐकू येतात.

मृण्मयी_ब

@कोकणचो_दशावतार हो, ईस द्वार्ननेच्या उपसागरातच बुडालं म्हणतात. पण द्वारकेसारखं नाही हो. द्वारका बुडते तेव्हा कोणा एकीवर खापर फुटत नाही. इथे राजकन्या दाहूत पापी, तिच्यामुळे समुद्र आत आला, राजा तिला घोड्यावर मागे घेऊन पळतोय आणि संत ग्वेनोले सांगतो हिला ढकलून दे, तरच वाचशील. बाप ढकलतो. मला ही गोष्ट तिथल्या एका म्हातारीने सांगितली तेव्हा शेवटी म्हणाली, किल्ली सांभाळायचं काम राजाचं होतं.

बंडू_बोरिवलीकर

म्हातारीचा पत्ता द्या, आमच्या सोसायटीत सेक्रेटरीला किल्ल्यांवरून ऐकवायचंय.

मालवणी_तडका

मला मासेमारीचं विचारायचंय. आता काही उरलंय की नुसतं म्युझियम? आमच्याकडे रापणवाले (किनाऱ्यावरून ओढायचं जुनं जाळं) आणि पर्ससीनवाले (घेरणारं मोठं जाळं) यांच्यात मारामाऱ्या झाल्या, २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले तरी अजून धुमसतंय.

इतिहासाची_खाज

@मालवणी_तडका तिकडेही अगदी हेच झालं, शंभर वर्षं आधी. त्यांची जुनी पद्धत म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडायचं आणि सार्डिनला वर आणायला कॉडची खारवलेली अंडी पाण्यात उधळायची. ही अंडी नॉर्वेहून यायची, महाग, आणि कोळी त्यासाठी कर्जात. कारखानदार म्हणत घेरणारी मोठी जाळी वापरा, भरपूर मासा काढा. कोळी म्हणत त्याने भाव पडेल आणि माणसं रिकामी होतील. बरीच वर्षं अडून राहिले. मध्ये १९०२-०३ मध्ये सार्डिन किनाऱ्यावर आलीच नाही, सगळा दक्षिण ब्रिटनीचा किनारा उपाशी. शेजारच्या काँकार्नोला निळ्या जाळ्यांचा उत्सव असतो तो १९०५ मध्ये त्या उपाशी कुटुंबांसाठी पैसे जमवायलाच सुरू झाला, आता लोक तिथे सेल्फी काढतात. द्वार्ननेच्या बोटी मग टूना, मॅकरेल, पुढे शेवंडं पकडायला पार आफ्रिकेच्या मॉरिटानियापर्यंत जायला लागल्या.

शेवटी घेरणारी जाळी आलीच, तिला तिथे बोलींश म्हणतात, आजची सार्डिन त्यावरच येते. बोटी मोजक्या उरल्यात. आणि हो, बिस्केच्या उपसागरातली सार्डिन गेल्या दीड-दोन दशकांत बारीक होत चाललीये, प्लवक बदललं म्हणून, असं शास्त्रज्ञ सांगतात.

नांतकर

कारखाने अजून तीन चालू आहेत गावात. एक तर १८५३ चा, कॉनेताब्ल नावाचे डबे त्याचे, तिथे अजूनही बायका कात्रीने डोकं-आतडं काढून हाताने रचतात. दुसरा पती नाव्हीर, तो ब्रँड आता थायलंडच्या कंपनीकडे आहे. डबे गोळा करणारे छांदिष्ट पण असतात, दर वर्षी नवीन चित्र. आणि सार्डिन मुरवतात, लोणच्यासारखी वर्षानुवर्षं, मधूनमधून डबा उलटा करायचा म्हणजे तेल दोन्हीकडे लागतं. मित्राच्या बापाच्या तळघरात फळीवर खडूने तारखा घातलेल्या डब्यांच्या रांगा आहेत, कोणता कधी उलटला त्याच्या. बायकोच्या वाढदिवसाची तारीख त्याला विचारून बघा, नाही येणार.

आता @चाफेकळी, बारा महिन्यांचं. नीट वाचा, हे महत्त्वाचं. गावात सुट्टीतली घरं वाढलीयेत, त्रेबूल आणि बंदराच्या बाजूला जास्त. मालक काय करतात, सप्टेंबर ते जून भाड्याने देतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये घर रिकामं करा म्हणतात, कारण तेव्हा आठवड्याच्या हिशोबाने टुरिस्टकडून भरपूर मिळतं. तुम्हाला भाडं स्वस्त दिसलं असेल तर आधी करार बघा. माझ्या ओळखीचं एक जोडपं दोन उन्हाळे तंबूत राहिलंय. गावात यावरून सभा, मोर्चे चालू असतात. तरुण मुलांना घर मिळत नाही आणि हिवाळ्यात बंदरालगतच्या गल्लीत ओळीने शटर बंद, दिवा नाही. म्हणून प्लोआरे नाहीतर पुलदाव्हिद म्हणालो.

तारकर्लीतला_तारका

@नांतकर हे वाचून घशात घास अडकला. आमच्या तारकर्लीला तेच चाललंय. फक्त आमच्याकडे सभा होत नाहीत, जमिनीचे दलाल होतात.

निरर्थक

मग जाणाऱ्याने काय करावं? चाफेकळी ताईपण बाहेरचीच ना. त्या गेल्या की एका गाववाल्याला एक घर कमी.

नांतकर

@निरर्थक काहीतरीच. वर्षभर राहणारं कुटुंब, शाळेत मूल, दुकानात खरेदी, हेच गावाला हवंय. शाळेतले वर्ग पोरांअभावी बंद होतायत. राग बंद शटरवर आहे, माणसांवर नाही.

निरर्थक

बरं. पण काही राग माणसांवर असतोच, मी स्वतः छोट्या युरोपियन गावात राहिलोय, पहिलं वर्ष शेजारी बोंजूरच्या पुढे गेला नाही.

मृण्मयी_ब

दोन्ही खरं आहे. ब्रेतॉन माणूस घरी लगेच बोलवत नाही. संस्थेत बोलावतो. तिथे प्रत्येक गोष्टीची संस्था, गाण्याची, वल्हवायची, बोट दुरुस्तीची, नाचाची. चाफेकळी, तुम्ही नुसतं राहाल तर एकट्या पडाल, एखाद्या संस्थेत खुर्च्या लावायला गेलात की महिन्याभरात सगळं गाव ओळखतं. ऑगस्टात तिथे फिल्म फेस्टिव्हल असतो, १९७८ पासून, जगातल्या अल्पसंख्य समाजांवर, मिनोरिटी भाषांवर, दर वर्षी वेगळा समाज. तो मुख्यतः गावातल्या स्वयंसेवकांवर चालतो. मी एका वर्षी भांडी घासली तिथे. माझ्या शेजारी निवृत्त शाळामास्तर, पलीकडे कारखान्यातली बाई, आणि दोघांचं कुर्दी सिनेमावरून कडाक्याचं भांडण, हातात ताटल्या तशाच.

दुसरं म्हणजे लेकीची शाळा. फ्रेंच तर येईलच, मुलं पटकन उचलतात. पण त्या भागात ब्रेतॉन माध्यमाच्या दिवान शाळा आहेत, १९७७ पासून, तोही पर्याय माहीत असू दे. ब्रेतॉनची अवस्था वाईट आहे, २०१८ च्या पाहणीत दोन लाखाच्या वर बोलणारे होते, २०२४ च्या पाहणीत एक लाख सात हजार. बोलणारे बहुतेक म्हातारे आणि ते जातायत. त्यांच्या लहानपणी शाळेत ब्रेतॉन बोललं की गळ्यात लाकडाचा तुकडा नाहीतर जुनं पायताण अडकवायचे, दुसरं कोणी बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात. म्हणून त्या पिढीने मुलांशी फ्रेंचच धरलं.

आजोबा_सदाशिव

आणि आपण स्वखुशीने मुलांशी इंग्रजीच धरतो. असो.

बंडू_बोरिवलीकर

काका, तो धागा वेगळा आहे, त्याला तीनशे प्रतिसाद आहेत आणि त्यातले दोनशे तुमचे.

शाकाहारी_शेखर

पावसाचं कोणी बोललंच नाही.

मालवणी_तडका

कोकणातल्या माणसाने ब्रिटनीच्या पावसाला काय घाबरायचं.

नांतकर

माप कमी आहे हो, पण पद्धत वेगळी. तिथे भुरभुर असते, दिवसचे दिवस, छत्रीचा उपयोग नाही कारण वारा. लोक छत्री वापरतच नाहीत, टोपीवाला रेनकोट. आणि भरती-ओहोटीचं कोष्टक घरात टांगलेलं असतं, कॅलेंडरच्या शेजारी. समोर त्रिस्तान बेट आहे, मोठ्या ओहोटीला चालत जाता येतं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेत, नाहीतर अडकाल. १५९० च्या दशकात तिथे ला फोंतनेल नावाचा दरोडेखोर सरदार तळ ठोकून होता, आजूबाजूचा मुलूख लुटायचा, शेवटी १६०२ मध्ये पॅरिसला चाकाला बांधून मारला. आता तिथे बाग आहे, बांबूची वगैरे.

दुसऱ्या बाजूला प्लोमारची वाट, किनाऱ्याने, झाडीतून. त्यात रोमन काळातले दगडी हौद आहेत, मासे मिठात मुरवून गारुम नावाचा सॉस करायचे त्याचे. म्हणजे हे गाव दोन हजार वर्षं मासा टिकवायचंच काम करतंय. लेकीला तिथे न्या, वाटेत शेळ्या आणि गाढवं आहेत.

डॉ_ढवळ्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल असतो ना? शेवटी पुतळा जाळतात?

मृण्मयी_ब

हो, "ले ग्रा" म्हणतात. पुतळ्याचं नाव देन पाओलिग. आधी मिरवतात, शेवटी जाळतात. गावातले एकूण एक लोक वेषांतर करून, आणि जितका वेष घाणेरडा, घरातल्या पडद्या-चादरींचा, तितका मान. विकतचा ड्रेस घालून आलात तर बाहेरचे म्हणून लगेच ओळखतात.

चाफेकळी

सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला उशीर झाला, व्हिसाची धावपळ. तर अपडेट. त्या टीममधल्या बाईला @नांतकर यांचं म्हणणं सांगितलं, ती म्हणाली कोण आहे हा माणूस, अगदी खरं बोलतोय. त्रेबूलचं जे घर आम्ही स्वस्त म्हणून बघून ठेवलं होतं त्याच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात "जूनअखेरपर्यंत" होतंच. ते सोडलं.

मग तिनेच तिच्या गायनमंडळातल्या कोणाच्या तरी मावशीचं घर काढलं, पुलदाव्हिदला, समुद्र दिसत नाही पण वर्षभराचा करार, मागे थोडी जागा, शाळा चालत. व्हिडिओ कॉलवर मावशी (वय ऐंशीच्या पुढे) नवऱ्याला विचारत होत्या मासे का नाही खात, तब्येत बरी नाही का. मग मला विचारलं गाता येतं का. मी म्हटलं थोडं. लगेच मागे वळून कोणाला तरी ओरडून काहीतरी सांगितलं आणि मला वाटतं मी गायनमंडळात भरती झालेय. कँपेरला आधी सहा महिने राहून बघू असं नवऱ्याचं अजून चालू आहे, पण करार उद्या येतोय, तो वाचायला कोणी मदत करेल का? फ्रेंच कायदेशीर भाषा आमच्या आवाक्याबाहेर.

नांतकर

पाठवा, नाव-पत्ता खोडून. तीन गोष्टी आधी बघा, फर्निचरसकट आहे की रिकामं, हीटिंग कशावर आहे (जुन्या घरात ऑइल असेल तर हिवाळ्याचं बिल बघून घाबराल), आणि घर सोडायची नोटीस किती महिन्यांची. रिकामं असेल तर करार तीन वर्षांचा येईल, त्याला बिचकू नका, तुम्ही मधेच नोटीस देऊन सोडू शकता.

मालवणी_तडका

आणि मागच्या जागेत तारली भाजायची परवानगी आहे का तेही बघा.

शाकाहारी_शेखर

त्या कलमाला आमचा आक्षेप नोंदवून घ्या.